पायांची आग थांबली तेव्हा

घाटकोपर,
मंगळवार, ११ मे १९७१

प्रिय दादा,

सीतारामने हे पाकीट हातात दिलं की आधी खाली बस. उभ्याने वाचू नको, आणि वहिनीला हाक मारून तिलाही जवळ बसव. मला गोड करून सांगता येत नाही हे तुला ठाऊक आहे. टेलिफोन एक्सचेंजमध्ये इतकी वर्षं काढून माझी जीभ तुटक झालीय असं आई म्हणते, ते खरंच असावं. तर ऐक. तात्यांचा डावा पाय शनिवारी गुडघ्याखाली कापला. लिहिलं एकदाचं. जीव वाचलाय, ताप उतरलाय, काल थोडी पेज प्यायले. पण पाय गेला. मला अजून त्या खाटेकडे सरळ बघवत नाही. चादर उजव्या बाजूला शेवटपर्यंत उंच असते आणि डाव्या बाजूला मधेच सपाट होते. दर वेळी नजर तिथे गेली की वाटतं, मला हे आत्ताच कोणी सांगितलं.

तार केली तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं, शप्पथ. पायात खिळा गेलाय, पू झालाय, थोडे दिवस ड्रेसिंग होईल आणि घरी सोडतील, असंच मी धरून चालले होते. म्हणून तारेत ‘काळजी नसावी’ घातलं. मे महिन्याच्या गर्दीत तुम्हा रेल्वेवाल्यांना रजा कोण देणार? तू तुझ्या ऑफिसातल्या सीतारामला पाठवलंस ते बरं केलंस. तो बिचारा भुसावळची केळी घेऊन वॉर्डात शिरला (साखरेच्या पेशंटला केळी! हे वहिनीचं काम नक्की नाही, तुझंच), त्याने ती चादर बघितली, आणि केळी तशीच काखेत धरून बाहेर बाकावर येऊन बसला. जरा सावरल्यावर त्याने मला तुझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली. सहज सांगितली, कौतुकाने सांगितली. ती गोष्ट मी शेवटी लिहीन. पण मधली पानं गाळून तिथे उडी मारू नको, नाहीतर तुला पटायचं नाही. एक पाय गेला, आता आपल्या घरातला दुसरा जाऊ नये म्हणून हे लिहितेय, एवढं लक्षात ठेवून वाच.

तुला ती बादली आठवते ना? गेल्या गणपतीत तू आलास, आरती झाली, मोदकांवर ताव मारून झाला, आणि मग मोरीपाशी दोन पाट टाकून बापलेक एकाच पत्र्याच्या बादलीत पाय बुडवून बसलात. तात्यांच्या पायांची आग आपण किती वर्षं बघत होतो. अंगावरची गोधडी तळव्याला लागली तरी ओरडायचे. आई खोबरेल चोळायची, काशाच्या वाटीने तूप घासायची, मेंदीचा पाला वाटून थापायची. तळपाय गार भिंतीला लावून निजायचे, त्याचे तेलकट डाग अजून भिंतीवर आहेत. तुझीही आग तेव्हा नुकती सुरू झाली होती. तुमच्या रेल्वेच्या दवाखान्यात साखर निघाली हे तू हसत सांगितलंस, म्हणालास की बापाने इस्टेट म्हणून एवढंच दिलं. मी वर आणि बोलले, घ्या, बापलेकांची एकच बादली, पाणी तरी वाचलं. सगळे हसलो. त्या दिवशी आपल्याला हसू येत होतं, हे आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

त्याच संध्याकाळी तात्यांनी गावच्या सातेरीदेवीच्या तसबिरीपुढे नारळ ठेवून नवस बोलला. माझ्या पायांची आग शांत कर, वरीसभर पायात चपला घालूचंय नाय. आपल्याकडे असे नवस काय कमी होतात? कोणी दूध सोडतं, कोणी मासे सोडतं, तात्यांनी चपला. तू शेजारीच होतास. तूही हात जोडलेस. मला वाटलं म्हाताऱ्याचं मन राखतोयस.

आणि दादा, नवस पावला! दिवाळी उलटली आणि आग कमी होत गेली. मार्गशीर्षात एका सकाळी तात्या उठले आणि म्हणाले, रातभर पाय आसत की नाय तेची याद पन येवक नाय. आई रडली आनंदाने. मीही, कशाला खोटं बोलू, पेढे आणले. त्याच दिवशी त्यांनी आपल्या त्या जाड तळाच्या चपला जुन्या पंच्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या आणि अनवाणी देवळात गेले. हळूहळू जयंतीभाई डॉक्टरांच्या साखरेच्या गोळ्याही बंद झाल्या. देवीने बरं केल्यावर गोळी खाणं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं, हा त्यांचा हिशेब. बिडी मात्र सुटली नाही. बिडीबद्दल देवी काही बोलली नव्हती ना! तात्या लघवी करून आले की मोरीत मुंग्या लागायच्या त्या मी केरसुणीने झाडायचे आणि आईला म्हणायचे की कोणीतरी गूळ सांडलाय.

माणसाला देव करायला आपल्या चाळीला किती वेळ लागतो? एप्रिलच्या दुपारी आग्रा रोडचं डांबर मऊ झालेलं असायचं, लोकांच्या चपला चिकटायच्या, आणि आपले तात्या त्यावरून बागेत फिरायला निघाल्यासारखे यायचे. चेहऱ्यावर आठी नाही. लोक तोंडात बोटं घालून बघायचे. कोळणी सरूबाई, दारावर मासे आणणारी, तिने आधी सुरुवात केली. टोपली खाली ठेवून तात्यांच्या पाया पडायची, नातवाला पडायला लावायची, मग पापलेट. चाळीच्या मंडळाचे बळवंतराव तर खुळेच झाले. त्यांना गावच्या जत्रेत निखाऱ्यावरून चालणारी माणसं आठवली. तात्यांकडे बोट दाखवून म्हणाले, आमच्या दशरथमामांच्या अंगात देवीचा वास आहे. तात्या आधी लाजायचे, मग लाजेनासे झाले. जन्मभर गिरणीच्या रंगखात्यात उभा राहिलेला माणूस, कोणी साधं नमस्कारापुरतंही विचारलं नव्हतं. त्यांना ते आवडलं, आणि त्यांना आवडलेलं मला आवडलं. एवढीच आपली गोष्ट आहे, दादा.

मंडळाची वार्षिक पूजा यंदा मेच्या पहिल्या रविवारी होती. बळवंतरावांनी ठरवलं की पूजेनंतर तात्यांची पाद्यपूजा करायची. त्याच्या आधी काही दिवस घरात वास येत होता. गोडसर, कुजका. आईला वाटलं ट्रंकेमागे उंदीर मेलाय. आम्ही दोघींनी ट्रंक ओढली, माळा उपसला, फिनेल ओतलं. तात्या खाटेवर बसून आम्हाला उंदीर कुठे असेल ते सांगत होते. उंदीर काही सापडला नाही. आता मला तो वास नाकातून जात नाही, जेवताना येतो, कामावर हेडफोन लावला तरी येतो.

पाय धुवायचा मान लेकीचा, म्हणून मला पुढे बसवलं. परात, दूध, पाणी, फुलं, सगळी चाळ जमलेली. तात्या पाटावर, खांद्यावर नवं उपरणं, शेजारच्या धर्माकाकांशी प्रसादाच्या शिऱ्यात केळं किती घातलंय यावर बोलत होते. मी उजवा पाय धुतला. डाव्या तळव्यावरून अंगठा फिरवला आणि काहीतरी कडक लागलं. मला वाटलं खडा चिकटलाय. नखाने काढायला गेले तर निघेना. पाय वर उचलून पाहिलं. दादा, तळव्यात खिळा होता. मांडव ठोकायचा असतो तसला खिळा, सगळाच्या सगळा आत, वर फक्त माथा, आणि त्याच्याभोवती मांस काळं. मी दाबलं तशी परातीतल्या दुधात घाण उतरली. आणि तात्या, ऐकतोयस ना, तात्या अजून धर्माकाकांशी शिऱ्याबद्दल बोलत होते. मी त्यांच्या पायातल्या खिळ्याला हात लावत होते आणि ते शिऱ्याबद्दल बोलत होते.

मी ओरडले. सगळे पुढे वाकले. आणि बळवंतरावांनी दोन्ही हात वर करून देवीचा जयजयकार केला! बघा, म्हणाले, खिळा आरपार गेला तरी भक्ताला कळलं नाही, हा चमत्कार नाही तर काय? बायका पायांवर कुंकू टाकायला पुढे सरसावल्या. त्या परातीतलं, त्या घाणीच्या परातीतलं, तीर्थ म्हणून घ्यायला कोणाचा तरी हात आला. मी परात उलटी केली. भर पूजेत. लोक काय काय बोलले ते मला आठवत नाही. मी कशाला तरी शिव्या देत होते एवढं आठवतं. तात्या माझ्याकडे बघत होते, दुखावलेले, पण पायाने नाही, माझ्या वागण्याने.

जयंतीभाईंनी रविवार असून दवाखाना उघडला. आधी त्यांनी लघवी निळ्या औषधात उकळली, ती विटेसारखी लाल झाली, इतकी साखर. मग खिळा काढला, तात्या छताचा पंखा बघत होते. मग त्यांनी तात्यांना डोळे मिटायला सांगून कापसाची वात तळव्यावरून फिरवली आणि विचारलं, लागलं की सांगा. तात्या वाट बघत बसले. वात फिरून झाली तरी वाट बघत होते. टाचणी टोचली, ठोकला की गुणगुणणारा दोन दात्यांचा लोखंडी काटा घोट्यावर टेकवला, अंगठा वर केला की खाली तेही तात्यांना सांगता येईना. गुडघ्याच्या जरा खाली आले तेव्हा कुठे म्हणाले, हां, हय लागता. आई दाराशी उभी होती, तिने तोंडावर पदर घेतला. आपल्या माणसाचे पाय त्याच्या अंगाला जोडलेले असून त्याचे नाहीत, हे असं डोळ्यांसमोर कळलं आम्हाला.

डॉक्टर आधी माझ्यावर भडकले, मग मऊ झाले. त्यांचं मराठी तुला माहीत आहे. म्हणाले, नलिनीबेन, आग होते ना, तो पाय अजून जिवंत हाय. आग बंद झाली तवा घाबरायचं होतं, तुम्ही तर पेढे वाटले. मी म्हटलं, पण आग थांबली म्हणजे आजार हटला ना? ते म्हणाले, नस जळत होती तवर ओरडत होती, मेली तशी गप झाली. तेव्हा मला एकदम कळलं. आमच्या एक्सचेंजला लाईनमध्ये खरखर आली की लोक तक्रारी करून भंडावून सोडतात. मग एक दिवस तक्रार बंद होते. नवी मुलगी खूष होते की लाईन सुधारली. मी तिला सांगते, आधी रिंग देऊन बघ, फोनच मेलेला असेल. रोज हे दुसऱ्यांना सांगणारी मी, आणि घरात तात्यांची तक्रार बंद झाली तर पेढे आणते!

मग ते विचारत गेले आणि आम्ही सांगत गेलो. साखर किती वर्षांची? दहाच्या वर. गोळी वेळेवर? कधीच नाही. बिडी? मिसरूड फुटल्यापासून. ब्लडप्रेशर तर त्यांनीच मोजून ठेवलं होतं. मग त्यांनी विचारलं, ह्यांच्या वडिलांना काय होतं? आणि आई म्हणाली, मामंजींच्या पायाला नागाने फुंकर घातली होती, अंगठा काळा पडून गळाला, त्यातच गेले. जयंतीभाईंनी नुसतं डोकं हलवलं. दादा, आपण लहानपणी ती नागाची गोष्ट किती वेळा ऐकली? नाग नव्हताच. हीच साखर होती, आजोबांपासून खाली उतरत आलेली. मग डॉक्टर मला म्हणाले, मुलगा हाय ना यांचा? त्याचे पाय बघा. मी म्हटलं, तो सांभाळतो, शिकलेला आहे. असं म्हटलं मी.

हॉस्पिटलात नेलं तेव्हा काळं घोट्यापर्यंत आलं होतं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आत विष चढतंय, पाय किंवा माणूस, काय ते ठरवा. तात्या त्यांना हात जोडून विचारत होते, माका दुखना नाय, मगे कापतास कित्याक? लहान मूल विचारतं तसं. मला तेच वाक्य सारखं ऐकू येतं. दुखत नाही, मग कापता कशाला.

आणि सगळ्यात भयंकर पुढे आहे. ऑपरेशन झालं, गुंगी उतरली, आणि परवापासून तात्यांच्या डाव्या पायाची आग होतेय. नसलेल्या पायाची. रिकाम्या चादरीकडे हात करून म्हणतात, तळव्याक वारो घाल गो. आई पदराने गादीला वारा घालत बसते. नर्स म्हणाली, असं होतं, जाईल हळूहळू. पण तात्यांनी त्याचा अर्थ लावला की वर्ष पुरं व्हायच्या आत नवस मोडला, म्हणून देवीने आग परत दिली. काल सकाळपर्यंत त्यांचा एकच हट्ट होता, उरलेल्या पायाने अनवाणी वर्ष पुरं करणार. डॉक्टरांचं नाही, माझं नाही, कोणाचंच ऐकेनात. मी हातपाय गाळले होते.

मग सीताराम आला. तात्यांच्या उशाशी बसून त्याने त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं की चंदरच्या, म्हणजे तुझ्या, पायांचीही आग थांबली. होळीपासून थांबली. म्हणून त्यानेही चपला सोडल्यात, ऑफिसात अनवाणी येतो, भुसावळच्या उन्हात रुळांमधली खडी तुडवत येतो, सगळे बघत राहतात. दादा! मी पाण्याचा गडवा भरत होते, तो तसाच खाली ठेवला. मला बळवंतरावांचे वर केलेले हात दिसले. तू हात जोडलेस ते मन राखायला नव्हतं, खरंच बोलला होतास तू नवस, आणि आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाहीस. मी तोंड उघडणार तेवढ्यात तात्या उठून बसले. मग आईला म्हणाले, ट्रंकेतलं गाठोडं घेवन ये. आई संध्याकाळी घेऊन आली. त्यांनी स्वतः गाठ सोडली, दोन्ही चपलांच्या आतून हात फिरवला, तळ उलटे करून बघितले, कुठे खिळा वर आलाय का ते. मग माझ्याकडे दिल्या आणि म्हणाले, माझो पाय मी दिलंय देवीक. चंदराचो नवस त्येतूच फिटलो. तेका सांग, आत्ताच्या आत्ता पायात घाल म्हणान. म्हणून हे पत्र, दादा. सीतारामच्या पिशवीत त्या चपला आहेत, तुमचं माप एकच. देवीचं ओझं तात्यांनी आपल्यावर घेतलंय, आता तुला घाबरायचं कारण नाही. पण घालायच्या आधी, हे पत्र हातात असतानाच, पाय उलटे कर आणि वहिनीला बघू दे. तू नको बघू, दुखत नाही म्हणून सोडून देशील. तिला बोटांच्या मधे बघू दे, टाचेच्या भेगांत बघू दे, नाकाने वास घेऊ दे, डोळे मीट आणि तिला कापूस फिरवू दे. काही निघो न निघो, सिगारेटचं पाकीट तिच्या हातात दे आणि तसाच दवाखान्यात जा. मी सीतारामला सांगून ठेवलंय, वहिनीचं बघून होईपर्यंत तिथून हलायचं नाही, आणि ती काय म्हणते ते मला तारेने कळवायचं. आज तात्यांनी उठल्याबरोबर पहिलं तेच विचारलं, त्याका लागलो काय गो कापूस?

तुझ्या तारेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच नली